नैराश्याच्या गोळ्या जास्त की कमी? वाद वाचताना विचारायचे प्रश्न

दिवाळीत भवानीनगरला घरी गेले होते. शेजारच्या काकू फराळाचा डबा घेऊन आल्या आणि जाता जाता पिशवीतून गोळ्यांचं एक पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. "तू डॉक्टर होणार हाईस ना गं? मग बघ जरा, ही गोळी कशाची हाय ती." पीएचडीचा डॉक्टर वेगळा असतो हे समजावून सांगायचं मी केव्हाच सोडून दिलंय. पाकिटावर लाल रेघ होती आणि नावं होती दोन: एस्सिटॅलोप्राम १० मिलिग्रॅम, क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम. पहिलं नैराश्यावरचं औषध. दुसरं बेचैनी कमी करणारं, झोप आणणारं, आणि सवय लागू शकणारं. दोन्ही एकाच गोळीत.

दोन वर्षांपूर्वी काकूंना झोप लागेनाशी झाली होती, छातीत धडधडायचं. एका डॉक्टरांनी ही गोळी लिहून दिली आणि महिन्यानं परत दाखवायला सांगितलं. परत जाणं झालंच नाही. चिठ्ठी मात्र जपून ठेवली, घडीवर फाटली तरी. त्याच चिठ्ठीवर मेडिकलमध्ये गोळी मिळत राहिली. आणि आता भाच्यानं व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवला होता: नैराश्याचा मेंदूतल्या रसायनाशी काही संबंध नाही हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, या गोळ्या म्हणजे कंपन्यांचा धंदा. काकूंनी विचारलं, "मग उद्यापासनं बंद करू का?"

मी म्हटलं, एकदम बंद करू नका, पाकीट आणि चिठ्ठी घेऊन बारामतीला डॉक्टरांना दाखवा. माझा विषय रसायनशास्त्र. मला रेणूची रचना सांगता येते, कुणी काय घ्यावं हे नाही. पण तो मेसेज ज्या संशोधनातून आला ते वाचणं, ते काय सांगतं आणि काय सांगत नाही हे तपासणं, हे माझं काम आहे. संशोधनाची तयारी करताय ना? मग ते उद्या तुमचंही काम आहे. म्हणून आज या वादातले काही पेपर एकापुढे एक ठेवून बघूया.

मेसेजमागचा पेपर

मेसेजचं मूळ आहे जुलै २०२२ मध्ये 'मॉलिक्युलर सायकिअॅट्री'त आलेला जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांचा पेपर. हा आढाव्यांचा आढावा आहे. म्हणजे लेखकांनी स्वतः प्रयोग केले नाहीत. आधी झालेल्या मोठ्या आढाव्यांमधून त्यांनी निष्कर्ष काढला. प्रश्न एकच: मेंदूत सेरोटोनिन कमी पडल्यामुळे नैराश्य येतं, याला पुरावा आहे का? रक्तातलं सेरोटोनिन, त्याची ग्राहकस्थानं, त्याला पेशीत परत ओढून घेणारं प्रथिन, त्या प्रथिनाचं जनुक, अशा वेगवेगळ्या बाजूंनी त्यांनी पाहिलं आणि उत्तर दिलं: सुसंगत पुरावा नाही.

या पेपरवर टीका झाली. २०२३ मध्ये त्याच नियतकालिकात समीर जौहर आणि बऱ्याच संशोधकांनी उत्तर छापलं. कोणते अभ्यास घेतले, कोणते सोडले, आणि घेतलेल्यांचा अर्थ कसा लावला, यावर त्यांचे आक्षेप होते. दोन्ही वाचा. पण माझी मुख्य तक्रार पेपरबद्दल नाही, त्याच्या वाचकांबद्दल आहे. गोळीनं बरं वाटतं की नाही, हा प्रश्न या पेपरनं तपासलेलाच नाही. आणि मेसेजनं नेमकं त्याचंच उत्तर देऊन टाकलं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. विहिरी आटल्या, गावात टँकर आला, लोकांना पाणी मिळालं. यावरून टँकर नसल्यामुळे दुष्काळ पडला असं कुणी म्हणेल का? नाही. मग दुष्काळाचं कारण टँकरचा अभाव नाही हे कुणी सिद्ध केलं, तर टँकरनं पाणी दिलंच नाही असं ठरतं का? तेही नाही. आजाराचं कारण आणि औषधाचा परिणाम ही दोन वेगळी विधानं आहेत आणि दोन्हींना वेगवेगळा पुरावा लागतो. 'मेंदूतलं रसायन कमी झालंय' असं सांगून वर्षानुवर्षं गोळी खपवली गेली, हा मॉनक्रिफ यांचा राग मला पटतो. पण सोपी गोष्ट चुकीची निघाली म्हणून गोळी निकामी ठरत नाही. त्यासाठी दुसरा पेपर उघडायला लागतो.

'चालतात' म्हणणारा पेपर

तो आहे आंद्रेआ चिप्रियानी आणि सहकाऱ्यांचा, लॅन्सेट, २०१८. ५२२ चाचण्या, १,१६,४७७ माणसं, २१ औषधं. प्रौढांमधल्या तीव्र नैराश्यात सगळी २१ औषधं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा, सरस ठरली. बातम्यांचा सूर होता: वाद मिटला.

आता परिणामाचा आकार बघा. प्रमाणित सरासरी फरक आहे ०.३०. हा आकडा वाचायची एक सोपी रीत आहे. दोन्ही गटांचे गुण नेहमीच्या घंटेच्या आकाराच्या आलेखात बसतात असं धरलं, तर औषध घेतलेल्या १०० पैकी साधारण ६२ जण प्लासिबो गटाच्या सरासरीपेक्षा बऱ्या स्थितीत असतात. औषधानं काहीच केलं नसतं तर हा आकडा ५० असता. म्हणजे परिणाम खरा आहे, पण मध्यम म्हणायलाही जरा कमीच. काहींना खूप फायदा आणि काहींना शून्य, असं मिळूनही हीच सरासरी येऊ शकते, आणि समोरचा माणूस कोणत्या गटातला हे सरासरी सांगत नाही.

आणखी दोन गोष्टी बघा. बहुतेक चाचण्या आठेक आठवड्यांच्या होत्या. आणि सुमारे ७८ टक्के चाचण्यांना औषध कंपन्यांचा पैसा होता. कंपनीचा पैसा म्हणजे खोटेपणा, असं लगेच म्हणू नका. पण एरिक टर्नर यांचा २००८ चा न्यू इंग्लंड जर्नलमधला पेपर त्याच बैठकीत वाचा. अमेरिकेच्या औषध नियामकाकडे नोंदलेल्या नैराश्याच्या औषधांच्या ७४ चाचण्या त्यांनी घेतल्या आणि छापून आलेल्या पेपरांशी ताडून पाहिल्या. नियामकाच्या मते ३८ चाचण्यांत औषध यशस्वी होतं. त्यातल्या ३७ छापल्या गेल्या. उरलेल्या ३६ चाचण्यांचा निकाल नकारात्मक किंवा शंकास्पद होता. त्यातल्या २२ छापल्याच गेल्या नाहीत, ११ अशा लिहिल्या गेल्या की वाचणाऱ्याला औषध यशस्वी वाटावं, आणि जशा होत्या तशा छापल्या गेल्या फक्त ३. खरं यश निम्म्या चाचण्यांत होतं, पण छापील वाङ्मय वाचणाऱ्याला ते ९४ टक्के दिसत होतं. चिप्रियानी यांनी अप्रकाशित चाचण्याही शोधून घेतल्या, हे त्यांचं मोठं काम. पण साहित्याचा आढावा लिहिताना 'मला जे सापडलं तेच सगळं' असं धरून चालायचं नाही, हे टर्नर यांच्यासारखं दुसरं कुणी शिकवलेलं मला माहीत नाही.

'जास्त' कुणाच्या हिशेबानं?

आतापर्यंत आपण गोळी चालते का, हे पाहिलं. वादाचा दुसरा भाग आहे: फार जास्त दिली जाते का?

इंग्लंडमध्ये २०२२-२३ या वर्षात सुमारे ८६ लाख लोकांना नैराश्याच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या. म्हणजे दर सहा-सात माणसांमागे एक. मॉनक्रिफ या देशातल्या मानसोपचारतज्ज्ञ आहेत. त्यांची चिंता तिथं रास्त आहे.

आता आपला आकडा. निम्हान्सनं केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सर्वेक्षणाच्या वेळी नैराश्य असलेले प्रौढ २.७ टक्के निघाले आणि त्यातल्या सुमारे ८५ टक्के लोकांना काहीच उपचार मिळत नव्हते. याला उपचारांतली दरी म्हणतात. सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण महाराष्ट्रावरच्या लेखांतही हा ८५ चा आकडा बिनदिक्कत वापरला जातो. तुम्ही वापरलात तर निदान एक ओळ लिहा की तो कुठला आहे.

मग आपल्याकडे प्रश्न 'फार कमी' असा आहे का? इथं मला त्या ८५ टक्क्यांवरच आक्षेप घ्यायचाय. उपचार मिळाला किंवा नाही मिळाला, असे दोनच खण त्यात आहेत. काकू या सर्वेक्षणात असत्या तर त्या कोणत्या खणात बसल्या असत्या? त्या डॉक्टरकडे गेल्या, त्यांना औषध मिळालं, दोन वर्षं मिळतंय. उपचार मिळालेल्या १५ टक्क्यांत त्यांची गणती झाली असती. दरी तेवढी कमी झाली असती. आणि इंग्लंडच्या वादात काकू 'गोळ्या जास्त' या बाजूचा पुरावा ठरल्या असत्या. एकच बाई दोन उलट्या तक्रारींचं उदाहरण होते तेव्हा समजायचं की आपलं मोजमाप चुकीच्या जागी लागलंय.

गोव्यातले तीन निकाल

मोजमाप कुठं लावायचं, हे मला गोव्यातल्या चाचण्या वाचताना उमगलं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथं वीस वर्षांत एकामागून एक चाचण्या केल्या, आणि त्यांचे निकाल एकमेकांशी सहज जुळत नाहीत. म्हणूनच त्या वाचण्यासारख्या आहेत.

पहिली, लॅन्सेट, २००३. सामान्य नैराश्य-चिंतेचे ४५० रुग्ण, तीन गट: फ्लुओक्सेटिन, प्लासिबो आणि बोलून केलेला मानसोपचार. दोन महिन्यांनी गोळीचा गट प्लासिबोपेक्षा बरा होता. बोलण्याचा गट नव्हता. 'गोळी वाईट, बोलणं चांगलं' असं आधीच ठरवून बसलेल्यांनी ही चाचणी आधी वाचावी.

दुसरी, लॅन्सेट, २०१०, 'मानस' या नावानं ओळखली जाणारी. २४ दवाखाने, निम्मे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि निम्मे खासगी. २,७९६ रुग्ण. निम्म्या ठिकाणी डॉक्टरला तपासणीचा निकाल कळवला गेला आणि नेहमीचे उपचार चालू राहिले. उरलेल्या ठिकाणी एक प्रशिक्षित समुपदेशक नेमली. तिच्याकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. ती रुग्णाला आजार समजावून सांगायची, पाठपुरावा करायची. गरज असेल तिथं डॉक्टर गोळी द्यायचे. वरून मानसोपचारतज्ज्ञाचं लक्ष असायचं. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते, नसलेल्या ठिकाणी ४२.५ टक्के. मोठा फरक. आणि खासगी दवाखान्यांत? ६४.१ आणि ६५.९. काहीच फरक नाही.

आता पेन हातात घेऊन या चार आकड्यांकडे बघा. समुपदेशक नसलेले खासगी दवाखाने आणि समुपदेशक असलेली सरकारी केंद्रं जवळजवळ एकाच ठिकाणी पोचली आहेत. मागं पडली ती समुपदेशक नसलेली सरकारी केंद्रं. याचा अर्थ काय लावायचा? खासगीत रुग्ण पुन्हा पुन्हा त्याच डॉक्टरकडे जातो, डॉक्टर त्याला नावानं ओळखतात, मागच्या वेळचं विचारतात. सरकारी केंद्रात गर्दी, डॉक्टरची बदली, कागद हरवलेला. समुपदेशकानं तिथं बहुधा हीच उणीव भरून काढली. हा माझा तर्क आहे, चाचणीनं सिद्ध केलेली गोष्ट नाही: खासगी आणि सरकारी दवाखान्यांत जाणारे रुग्णच वेगळे असू शकतात, आणि रुग्णानं कुठं जायचं हे संशोधकांनी चिठ्ठी टाकून ठरवलेलं नव्हतं. पण तर्क तपासण्याजोगा आहे, आणि एखाद्या प्रबंधाचा विषय त्यात नक्की आहे.

तिसरी, लॅन्सेट, २०१७. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रं, मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण. समुपदेशकांनी मोजक्या बैठका घेतल्या, विषय साधा: दिवसभरात काय करता, काय सोडून दिलंत, त्यातलं काय पुन्हा सुरू करता येईल. तीन महिन्यांनी नैराश्य ओसरलेले ६४ टक्के, तुलनेच्या गटात ३९. वर्षानं ६३ आणि ४८. तुलनेचा गट आपोआपही सुधारला, फरक निम्म्याच्या आसपास आला, तरी टिकला. एक दोष लक्षात ठेवा: गोळीच्या चाचणीत रुग्णाला आपण काय घेतोय हे कळत नाही, बोलण्याच्या चाचणीत कळतंच. त्यामुळे ०.३० आणि ६४-३९ हे आकडे शेजारी ठेवून 'बोलणं गोळीपेक्षा भारी' असं लिहू नका. परीक्षक पहिल्याच पानावर थांबवतील.

मग २००३ ला जे जमलं नाही ते २०१७ ला कसं जमलं? औषध बदलून नाही. बोलण्याची पद्धत बदलली, बोलणारं माणूस बदललं, रुग्णाच्या गावाजवळ आलं. अपयशी चाचणी छापली गेली म्हणून हे शक्य झालं. टर्नर यांच्या त्या २२ न छापलेल्या चाचण्या आठवा.

अमरावती आणि कर्जाचा प्रश्न

महाराष्ट्रातला सगळ्यात जवळचा अभ्यास विदर्भातला. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम झाला. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांचा पेपर २०१७ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्रीत आला. नैराश्य असलेल्यांपैकी कुणाची तरी मदत घेतलेले लोक आधी ४.३ टक्के होते, १८ महिन्यांनी २७.२ टक्के. सहापट. यात कार्यक्रम न राबवलेली तुलनेची गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमाला देता येत नाही. तरी एवढी वाढ आपोआप होत नाही, असं मला वाटतं.

इथं एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो ऐकून घ्यायलाच हवा: माणूस कर्जानं पिचलाय, भाव पडलाय, आणि तुम्ही त्याला गोळी देताय? सुमीत जैन आणि सुश्रुत जाधव यांनी २००९ मध्ये हेच वेगळ्या रीतीनं मांडलं. उत्तर भारतातल्या सरकारी मानसिक आरोग्य कार्यक्रमात राहून त्यांनी गोळीचा प्रवास पाहिला, मंत्रालयापासून खेड्यातल्या दवाखान्यापर्यंत. धोरणाच्या कागदावर लोकसहभाग होता. खेड्यात पोचेपर्यंत उरली ती फक्त गोळी, कारण मोजायला आणि वाटायला तीच सोपी. त्याच वर्षी स्टेफान एक्स आणि सौमिता बसू यांनी कोलकात्यातून लिहिलं की तिथं एकदा लिहिलेली चिठ्ठी डॉक्टरच्या हातून सुटली की फिरत राहते. तो पेपर वाचताना मला काकूंची फाटकी चिठ्ठी आठवली.

या दोन्ही अभ्यासांत टक्केवारी नाही, म्हणून विज्ञानवाले आपण ते बाजूला ठेवतो. ही आपली चूक आहे. ८५ टक्क्यांच्या सर्वेक्षणाला जे दिसलं नाही, ते यांना दिसलं.

काकूंचं उत्तर

'बंद करू का?' या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचा पेपर इंग्लंडचा आहे, न्यू इंग्लंड जर्नल, २०२१. दीर्घकाळ गोळ्या घेणारे, आता बरं वाटतंय म्हणून थांबवायचा विचार करणारे ४७८ रुग्ण. निम्म्यांची गोळी चालू ठेवली, निम्म्यांची हळूहळू कमी करत बंद केली. कोण कोणत्या गटात हे रुग्णांना माहीत नव्हतं. वर्षभरात नैराश्य परतलं: चालू ठेवलेल्यांत ३९ टक्के, बंद केलेल्यांत ५६ टक्के. गोळीचे समर्थक म्हणतील, बघा, बंद केली की त्रास वाढतो. विरोधक म्हणतील, बंद केलेल्या ४४ टक्क्यांना वर्षभर काही झालं नाही, म्हणजे ते उगाच घेत होते. दोघांचंही गणित बरोबर आहे.

आणि काकू या चाचणीत बसत नाहीत. त्यांची गोळी त्यात नव्हती, सोबतचं क्लोनाझेपाम तर नाहीच. त्यांना मुळात नैराश्य होतं की पोराचं लग्न जमत नाही या काळजीनं झोप उडाली होती, हेही कुणी नीट विचारलेलं नाही. म्हणून कोणताही पेपर त्यांना 'हो' किंवा 'नाही' सांगू शकत नाही. ते त्यांना तपासणारा डॉक्टरच सांगू शकतो, आणि थांबवायची ठरली तरी हळूहळू, त्याच्या देखरेखीखाली. तुमच्या घरात कुणी या गोळ्या घेत असेल तर हे वाचून स्वतःच काही बंद करू नका, करायलाही लावू नका.

माझं मत विचाराल तर, गोळ्या जास्त की कमी या वादात दोन्ही बाजू चिठ्ठ्या मोजतात. गोव्याचे आकडे वाचून मला वाटतं, मोजायचं असेल तर गोळी सुरू केल्यावर पुन्हा कुणी विचारलं का, हे मोजावं. किती दिवसांनी, कुणी, काय विचारलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्पातून आशाताई घरोघरी जाऊन असं विचारतात. इंदापूर-बारामतीचा भाग त्यात येत नाही.

तुमच्यासाठी एक काम. तुमच्या विषयातला कुठलाही गाजलेला आकडा घ्या आणि तीन गोष्टी शोधा: छेदात कोण होतं, कोण नव्हतं, आणि दोन खणांच्या मधे कोण राहून गेलं. बहुतेक वेळा तुमचा संशोधनाचा प्रश्न त्या तिसऱ्यात सापडेल.

काकू बारामतीला गेल्या. डॉक्टरांनी गोळ्या वेगळ्या करून दिल्यात, एक हळूहळू कमी करायला सांगितलीय आणि पुढच्या महिन्यात बोलावलंय. मी कॅलेंडरवर ती तारीख त्यांच्या देखत लिहून ठेवलीय. त्या दिवशी फोन करणार आहे.